टाकीचे तापमान कोणी उतरवले?

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टाकी आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी मात्र माझी गल्लत करू नका. माझ्या पोटात औषध तयार होत असे.

मला घडवणाऱ्या कारागिराने बाहेरून माझ्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आतून मात्र इतके घासले, की त्याला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला. आत एखादा ओरखडा राहिला, तर त्यात जंतू दडून बसतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पोटात ढवळणारी पाती, हवा सोडणारी नळी आणि समोर बशीएवढी काच बसवून मला कारखान्यात आणले. त्या काचेतून लोक आत पाहत आणि मी बाहेर पाहत असे.

काही माणसांना जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, कारण रक्त गोठवणारे एक प्रथिन त्यांच्या शरीरात कमी असते. ते प्रथिन बनवणाऱ्या जिवंत पेशी माझ्या पोटात वाढत. लाडावलेल्या पोरांसारख्याच होत्या त्या! साखर थोडी जास्त झाली की रुसत, हवा कमी पडली की माना टाकत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसे पाळीपाळीने त्यांची मर्जी सांभाळत. औषधाची एखादी खेप छान उतरली की मालक माझ्या पाठीवर थाप मारत. मग मीही जरा ऐटीत राही.

पुढे एके वर्षी माझ्या अंगाला तारा जोडल्या गेल्या. कारखान्यातल्या एका तरुण अभियंत्याने कृत्रिम बुद्धीचा प्रोग्रॅम तयार केला होता. जुन्या सगळ्या खेपांची माहिती वाचून तो शिकला होता, आणि प्रत्येक नव्या खेपेतून आणखी शिकत होता. सुरुवातीला तो नुसता सल्ला देई. सल्ले बरोबर निघू लागले, तसा साखर, हवा आणि तापमान यांचा सगळा कारभार त्याच्याकडे गेला. खरे सांगायचे तर माझी काहीच तक्रार नव्हती. वाया जाणाऱ्या खेपा कमी झाल्या. पेशींचे रुसवेही कमी झाले.

औषध बाहेर पाठवण्याआधी दर्जा विभागाच्या प्रमुख बाईंची सही लागे. गंमत अशी, की या बाई त्या अभियंत्याच्या सख्ख्या वहिनी होत्या. कारखान्यात तो त्यांना 'मॅडम' म्हणे. चिडला की मात्र तोंडून 'वहिनी' निघून जाई.

एका खेपेत, काम अर्ध्यावर आले असताना, प्रोग्रॅमने माझे तापमान दोन अंशांनी उतरवले. तसे करायला त्याला कोणीही सांगितले नव्हते. औषध नेहमीपेक्षा बरेच जास्त निघाले आणि सगळ्या चाचण्यांत पास झाले. मालक खूश झाले. बाई मात्र अभियंत्याला घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तापमान का उतरवलं?"

"प्रोग्रॅमला योग्य वाटलं म्हणून."

"का योग्य वाटलं?"

"ते मलाही सांगता यायचं नाही, मॅडम. तो हजारो आकडे एकदम बघतो. चाचण्या पास झाल्यात ना?"

"चाचणीला जे शोधायला सांगावं, तेवढंच ती शोधते. प्रथिन जरा वेगळं घडलं असेल आणि पेशंटच्या शरीरानं ते परकं मानलं, तर पुढे त्याला हे औषध लागूच पडणार नाही. मग काय करायचं?"

"अहो वहिनी, दवाखान्यांतलं औषध संपत आलंय! लोक वाट बघताहेत!"

बाईंनी खिशातले पेन काढून त्याच्यापुढे धरले. "मग तुम्ही करा सही, भाऊजी. तुमची चालेल, असं मी मालकांना सांगते."

त्याने पेन घेतले. टोपण काढले. कागदाकडे पाहिले. मग टोपण लावून पेन परत दिले.

मालकांनी पुष्कळ आदळआपट केली, पण खेप शीतगृहात अडकली ती अडकलीच.

बाईंनी औषध खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावले. मोठे सज्जन गृहस्थ! "कामाच्या पद्धतीत बदल करायचा तर आधी आम्हाला कळवायचं, असा नियम आहे," ते म्हणाले. "पण हा पठ्ठ्या तर दर खेपेला थोडा बदलतो. म्हणजे तुम्ही दर खेपेला कळवणार? आणि काही चुकलं तर आम्ही धरायचं कोणाला?"

"तेच विचारायला तर तुम्हाला बोलावलंय," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी डोके खाजवायला हात वर नेला, पण डोक्यावर कारखान्याची टोपी होती.

कित्येक महिने नव्या, सखोल चाचण्या झाल्या. शेवटी कळले, की ती खेप अगदी उत्तम होती. त्या दिवशी दीर-वहिनी एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. पण पुढे नवे नियम ठरवायची वेळ आली, तेव्हा दोघेही वाद घालत त्या कामाला बसले. खेप चालू असताना प्रोग्रॅमने स्वतःत बदल करायचा नाही. तो जे नवे शिकेल, ते आधी वेगळे तपासायचे. आपल्या निर्णयाचे कारण त्याने माणसाला समजेल असे दाखवायचे. आणि जबाबदार माणूस कोण, हे आधीच ठरलेले असायचे.

नंतर माझ्या जागी, पेशी वाढवायला एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या आल्या आणि माझी रवानगी अंगणात झाली. आता माझ्या काचेवर धूळ साचते. पाहुणे आले की मला दाखवतात, एवढेच.

अशाच एका पाहुण्यांच्या गटात काठी टेकत चालणारा एक बस ड्रायव्हर होता. औषधाच्या टंचाईत त्याच्या गुडघ्यात आतल्या आत रक्त साचले होते. गुडघा आखडला तो कायमचा. बस चालवणे सुटले. त्याने हे बोलता बोलता सांगितले, तेव्हा बाई गप्प राहू शकल्या असत्या. दीर त्यांच्याकडेच पाहत होता.

"तेव्हा औषध तयार होतं," त्या म्हणाल्या. "चांगलं होतं. पण ते चांगलं आहे, याची मला खात्री नव्हती. म्हणून मी अडवलं."

ड्रायव्हरने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"अडवलंत ते बरोबरच केलंत," तो म्हणाला. "पण ताई, हे सगळं प्रोग्रॅम लावायच्या आधी विचारायचं होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्यातले काहीजण उद्या माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रे बनवतील. ती जरूर बनवा. मात्र 'का?' आणि 'जबाबदार कोण?' हे प्रश्न यंत्र सुरू करण्याआधी विचारा. उशिरा विचारले तरी ते प्रश्न बरोबरच असतात. फक्त त्या उशिराची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.