भालाताई

दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळाचा एक अलिखित नियम आहे. गणपतीतल्या बालनाट्यात ज्याचं मराठी कच्चं, त्याच्या हाती भाला. राजा, राणी, प्रधान, फितूर सरदार ही सगळी कामं पुण्यामुंबईहून नुकत्याच आलेल्या घरांतल्या मुलांची, कारण त्यांची जीभ अजून ताजी. दिल्लीतच जन्मून वाढलेली पोरं मागे ओळीने उभी राहायची, पुठ्ठ्याच्या पात्याचे भाले धरून. नाटक बसवणाऱ्या कुमुदिनीबाईंना कोणी काही म्हटलंच तर त्या म्हणत, "अहो, सैन्य लागतंच की." आता यावर माणूस काय बोलणार?

सुखदाचं भाला धरण्याचं हे चौथं वर्ष. पोरगी अकरावीतली, ताडमाड उंच, एकदा उभी राहिली की हलायची नाही. घरात सगळे तिच्याशी मराठीत बोलत, पण शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भाजीवालाही हिंदी. तिच्या मराठीत दिल्ली मिसळणारच. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

वाटलं ते या वर्षी. प्रधान झालेला परीक्षित एका तालमीला आला नाही, म्हणून बाईंनी त्याची वाक्यं सुखदाला वाचायला लावली. तिने "गोळीबार"चा "गोलीबार" केला, वर घाईत एक "बिल्कुल" घुसवलं. राणीचं काम होतं कृतिकाकडे. गुरुग्रामला राहणारी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, बोलायला चुरचुरीत. तिने ते मोबाइलवर टिपलं, मुलांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "आमची भालाताई." झालं. तिच्या टोळक्यातल्या चिरागने त्याला ढोलताशा जोडून पुन्हा टाकलं. मग सुखदा तालमीला आली की कोपऱ्यातून हळूच "गोलीबार, बिल्कुल" ऐकू यायचं. कोणी हात लावत नव्हतं, शिवी देत नव्हतं, नुसते हसत होते. मोठ्यांना सांगावं तर "गंमत करतात गं" हे उत्तर तयारच होतं.

सुखदाने मराठी बोलणंच सोडलं. तालमीत मान हलवायची आणि घरी हिंदीत उत्तर द्यायची. तिचे आईबाबा सकाळीच बाहेर पडायचे, एक मानेसरला, एक गुरुग्रामला. आजी गेल्यापासून आजोबांना, पद्माकररावांना, बोलायला ही नातच. ते विचारायचे, "चहा घेतेस का गं?" आणि ही म्हणायची, "नहीं, मन नहीं है." म्हातारा एकाच कपाचं आधण ठेवायचा. ते तिला दिसत होतं, पण तिनं ठरवूनच टाकलं होतं: यंदाचं नाटक झालं की मंडळाला रामराम. भालाही नको आणि ती भाषाही नको.

त्याच सुमारास शाळेत प्रकल्प मिळाला. लढाई आणि दादागिरी यांनी गोष्टींतली मुलं कशी घडतात, यावर लिहायचं. सुखदाने वाचनालयातून पुस्तकांचा ढीग आणला, आणि वाचता वाचता तिचं डोकं फिरलं. जिकडे तिकडे तेच. छळ सोसलेला मुलगा एक तर शेवटी तलवार गाजवतो, नाही तर स्वतःच दुसऱ्याला छळायला लागतो. राजपुत्र लढाईत शहाणा होतो, आणि त्याच्या शहाणपणापायी मागची शंभर पोरं मरतात, त्यांना साधं नावसुद्धा नाही.

"ये पीछे वाले कौन हैं, आजोबा?" तिने पुस्तक आपटत विचारलं. "इनके बारे में कोई लिखता क्यों नहीं?"

पद्माकरराव एकोणिसाव्या वर्षी एकाहत्तरच्या लढाईत होते. पण त्याबद्दल विचारलं की "तारा ओढत होतो" यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"मी मागचाच होतो," ते म्हणाले. "टेलिफोनच्या तारा ओढायच्या, पुढच्या तुकडीचा निरोप मागे कळवायचा. साताऱ्याकडच्या खेड्यातून गेलेलो, हिंदी धड येत नव्हतं. बराकीत सगळे माझी नक्कल करायचे. जेवताना, कवायतीला, आंघोळीच्या रांगेतसुद्धा. शेवटी मी बोलायचंच बंद केलं. मुका म्हणायचे मला."

 या माणसाला कोणी हसलं असेल, हे सुखदाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग एका सकाळी तोफा सुरू झाल्या. आमचे दोघं जखमी पडले. मागे कळवायचं होतं, माणसं पाठवा. एवढंच. फोन उचलला आणि पोरी, तुला खोटं वाटेल, पहिला विचार आला तो, हे हसतील. मरणाची भीती त्याच्यानंतर आली."

"फिर?"

"फिर काय, बोललो. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. पलीकडे नक्कल करणाऱ्यांतलाच एक होता. तो हसला नाही. म्हणाला, फिर से बोल भाई, लिख रहा हूँ. दोघंही वाचले." पद्माकररावांनी चष्मा काढून पुसला. "लढाईने मला शूर केलं असं लोक म्हणतात. कसलं शूर. हसण्याची भीती घालवली, इतकंच. आणि तेवढ्यासाठी काय पोरांना लढाईवर पाठवायचं?"

सुखदाने पुस्तकांचा ढीग बाजूला सारला. त्या संध्याकाळी तालमीला ती रोजच्यापेक्षा लवकर गेली.

तिथे वेगळाच घोळ चालला होता. नाटकाच्या मध्यावर राणीला नऊवारी सोडून लढाईचा वेश चढवायचा असे. तेवढ्या वेळात सूर्यकांतकाका पडद्यापुढे पेटी घेऊन अभंग म्हणत, ही दर वर्षीची रीत. यंदा काकांचा गुडघा दुखावला होता आणि ते मुलीकडे पुण्याला. कुमुदिनीबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. रिकामा रंगमंच म्हणजे लोक उठून थेट वडापावच्या रांगेत.

"मी करते," सुखदा म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून मराठी निघालं होतं. "भालेवाली बोलेल. मी लिहून आणते."

कोपऱ्यात कोणीतरी खुदकलं. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मराठीत बोलायचं आहे, बाळ."

"माझ्या मराठीत बोलेन. चालेल?"

बाईंचा नाइलाज होता. चालेल म्हणाल्या.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. पद्माकरराव तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. राणी आत पळाली, पडदा पडला आणि सुखदा भाला घेऊन पुढे आली. भाला तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मी भालेवाली," ती म्हणाली. "नाटकात मला नाव नाही. राणीसाहेब कपडे बदलतायत, म्हणून मला बोलायला मिळालं." लोक मनापासून हसले. तिला जरा धीर आला. "चार वर्षं मी मागे उभी आहे. मागून सगळं दिसतं. आता किल्ल्याला वेढा पडलाय. मला विचारतात, तुला गोलीची भीती लागते का?"

त्या "गोली"वर मागच्या खुर्च्यांतून फिसकन हसू आलं. चिराग आणि मंडळी. सुखदा थांबली. आता ही रडत आत पळणार, असं पुष्कळांना वाटलं.

"लागते," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी ह्याची लागते." आणि जिकडून हसू आलं होतं, तिकडे तिने भाल्याचं टोक केलं, अगदी सावकाश.

मागच्या खुर्च्यांतलं हसू थांबलं.

"बुरुजावर मी उभी आहे. शत्रू मला पहिला दिसतो. मला ओरडलं पाहिजे. आणि मी विचार करत बसते, माझं बोलणं ऐकून हे हसले तर? मग सांगा, किल्ला कोणी पाडला? तोफेने की हसण्याने?" तिने श्वास घेतला. "मी ओरडणार आहे. तुम्हाला हसायचंय तर नंतर हसा. शत्रू आलाय. दरवाजा बंद करा."

विंगेत कृतिका कमरपट्टा बांधून केव्हाची तयार होती. बाई तिला पुढे ढकलत होत्या आणि ती जागची हलत नव्हती. "थांबा ना, बाई," ती कुजबुजली, "तिचं होऊ दे." सुखदाला ते ऐकू आलं. टाळ्या पडल्या तेव्हा कृतिकाने तिच्या नजरेला नजर दिली नाही, पण टाळी वाजवली. सुखदाला तेवढं पुरलं.

नाटक संपल्यावर पद्माकरराव सुखदापाशी आले. "भाला इकडे दे," एवढंच म्हणाले. खांद्याला भाला लावून म्हातारा सरळ चालू लागला, छाती पुढे, पाऊल मोजून. सोसायटीच्या फाटकाशी चौकीदाराने विचारलं, "अंकल, ये क्या ले आए?"

"मेरे नाती का है," ते म्हणाले. पन्नास वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी तसंच होतं. "आगे खडी थी आज."

चौकीदार हसला. आजोबाही हसले. सुखदाची मान ताठ झाली होती आणि डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर त्यांनी भाला बैठकीच्या खोलीत, आजीच्या फोटोशेजारी उभा केला. मग सवयीने विचारलं, "चहा घेतेस का गं?"

"घेते," सुखदा म्हणाली. "तुम्ही बसा आजोबा, मी करते. आणि लढाईतल्या त्या फोनवाल्याचं नाव काय होतं, ते सांगा मला. मला लिहायचंय."