पिण्याचे पाणी, दोनशे लिटर

मच्छिंद्ररावांनी निळ्या ड्रमवर पांढऱ्या रंगानं ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलं, तेव्हा अक्षर इतकं देखणं आलं की दोन पावलं मागं सरून ते स्वतःवरच खूश झाले. ड्रममध्ये डिझेल होतं. पण तसं लिहिण्यासारखी परिस्थिती नव्हती.

परिस्थिती अशी की गाव महापालिकेत गेलं, शेतात इमारत उभी राहिली आणि मच्छिंद्ररावांना मोबदल्यात दोन फ्लॅट मिळाले. नदीकाठचा दीड एकर मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. तो नांगरायला ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टर उभा करायला सोसायटीच्या पार्किंगखेरीज जागा नव्हती. कमिटीनं बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर परवानगी दिली ती एका अटीवर. इमारतीत डिझेलचा थेंब साठवायचा नाही. साठवलेलं दिसलं की ट्रॅक्टर बाहेर. बाहेर म्हणजे विकायचाच, कारण मुलगा दोन वर्षं त्याचीच वाट बघत होता. ट्रॅक्टर गेला की मागोमाग दीड एकर जाणार, आणि मग आपण नुसते फ्लॅट नंबर तीनशे दोन उरणार, ही धास्ती मच्छिंद्ररावांच्या पोटात कायमची बसली होती.

मग साठवायचं कशाला, असं कुणीही विचारील. पंप पाच किलोमीटरवर. तिथवर ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे चौकाचौकात आयटीवाल्यांचे हॉर्न आणि शिव्या खायच्या, आणि परत येईपर्यंत भरलेल्यातलं बरंचसं रस्त्यातच जाळायचं. त्यापेक्षा वीस लिटरचा कॅन स्कूटरवर, वरून मेथीचं पोतं, की काम फत्ते.

खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढं आहे. हे गृहस्थ खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा खात्यात होते. गेटवर उभं राहून कामगारांच्या खिशातल्या काडेपेट्या काढून घेणं हे त्यांचं काम. तळहात पुढं करायचा, बोलायचं काही नाही. गेटवर स्वतःहून काढून दिली तर संध्याकाळी सुटताना परत. आत सापडली तर माणूस बाहेर. “साहेब, एकच काडी हाय, चुकून राहिली,” म्हणत काकुळतीला येणाऱ्यांना त्यांनी कधी दाद दिली नाही. निवृत्तीच्या समारंभात तर ‘आग आणि आपले घर’ या विषयावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी त्या भाषणात दोनदा वापरली होती.

आता त्याच माणसानं ड्रमला खाली पितळी नळ बसवला, आणि संशयाला जागा नको म्हणून साखळीनं एक स्टीलचा पेलाही अडकवला. शनिवारी पहाटे वॉचमन भैरू चहाला गेला, की नळाखाली कॅन धरायचा, मग ट्रॅक्टरच्या टाकीवर नरसाळं, नरसाळ्यावर पत्नी आनंदीबाईंच्या जुन्या लुगड्याचा फडका, आणि घाईघाईनं ओतायचं.

“अहो, हाताला कसला वास मारतोय?” आनंदीबाईंनी एकदा ताट वाढताना विचारलं.

“बोअरच्या पाण्याचा.”

“व्हय का? मग ट्रॅक्टर बी बोअरच्याच पाण्यावर चालत आसंल,” म्हणून त्यांनी भाकरी वाढली. विषय तिथंच संपला, निदान मच्छिंद्ररावांनी तसं धरून घेतलं.

अशात बुधवार उजाडला, आणि महापालिकेचं निवेदन आलं. गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबानं. अशा बुधवारी पुण्यातल्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाही. तो हंडे भरतो, बादल्या भरतो, कुकर भरतो, पाहुण्यांसाठी ठेवलेले तांबेसुद्धा भरतो. सोसायटीचे चेअरमन यज्ञेश्वरपंत तर शनिवार पेठेत वाढलेले. संध्याकाळी ते भैरूला आणि रबरी पाइपला बरोबर घेऊन पार्किंगमध्ये उतरले. पुढचं सगळं मच्छिंद्ररावांना मागाहून भैरूकडून कळलं. पंतांनी ड्रमवर बोटं वाजवली, तीन हिस्से रिकामा निघाला. भैरू म्हणाला, “साहेब, वास येतोय.” पंत म्हणाले, “ट्रॅक्टरशेजारी अत्तराचा येईल का?” आणि ड्रम काठोकाठ भरला.

गुरुवारी पहाटे मच्छिंद्रराव मेथी घेऊन मंडईला गेले होते. दहा वाजता परत आले, तर ड्रमपुढं आठ-दहा माणसांची रांग. स्कूटर तशीच सोडून ते धावले. पण बघतात तो काय, नळातून स्वच्छ, नितळ पाणी येत होतं. क्षणभर त्यांना वाटलं, देव पावला, डिझेलचं पाणी झालं! एवढं पुण्य आपल्या गाठीला नाही, हे लक्षात यायला मात्र अर्धं मिनिट लागलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. डिझेल हलकं, ते वर तरंगणार. पाणी खाली, आणि नळही खालीच. त्यांनी पुढं होऊन वरपासून खालपर्यंत ड्रम वाजवून पाहिला. आता फार तर दोन बादल्या, की नळातून डिझेल. नळाखाली शेजारच्या सरुबाई पातेलं धरून उभ्या होत्या. “नातवाच्या दुधात घालायला हो,” त्या म्हणाल्या.

नळ बिघडलाय, असं म्हणून तो बंद करता आला असता. दुपारी सगळे झोपले की ड्रम हलवता आला असता. ट्रॅक्टर वाचला असता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण आधीच वर गेलेल्या बादल्यांचं काय? आठ स्वयंपाकघरं. मच्छिंद्ररावांनी दोन्ही हात वर केले.

“थांबा! नळ बंद करा! ह्ये पाणी न्हाई, डिझेल हाय!”

कुणी हललं नाही. रांगेत पुढं उभ्या असलेल्या यज्ञेश्वरपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. “मच्छिंद्रराव, पाणी द्यायचं नसेल तर तसं सांगावं. त्यासाठी इतकी कल्पनाशक्ती खर्चायची गरज नाही.”

“अवो, आईशप्पथ डिझेल हाय!”

“ड्रमवर काय लिहिलंय?”

“म्याच लिवलंय ते! खोटं हाय!”

“अक्षर छान आहे,” पंत म्हणाले, आणि साखळीचा पेला भरून तोंडाला लावायला निघाले.

मच्छिंद्ररावांनी पेला हिसकला. झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि निथळता तळवा पंतांच्या नाकाखाली धरला. पंतांनी श्वास घेतला. मग सगळ्यांनीच घेतला. सरुबाईंनी पातेलं तिथंच पालथं केलं, आणि भैरू ओरडत जिने चढला, “ओता! बादल्या ओता!”

“सकाळच्या चहाला वास येत होता,” यज्ञेश्वरपंत अगदी सावकाश म्हणाले. “त्यावरून मी बायकोला, श्यामलाला, नाही नाही ते बोललो. आता तिची माफी तुम्ही मागणार की मी?”

मच्छिंद्रराव खाली बघत होते. खाली बघायला निदान ट्रॅक्टरचं चाक तरी होतं.

“तुमच्या कारखान्यात या गुन्ह्याला काय शिक्षा होती?” पंतांनी विचारलं.

सोयीचं उत्तर देता आलं असतं. पण तीस वर्षं एकच उत्तर दिलेल्या तोंडाला दुसरं सुचेना. “आत सापडलं, तर बाहेर.”

“आणि स्वतःहून सांगितलं तर?”

“त्ये गेटवर सांगायला लागतं, साहेब. गेटवर दिलं तर संध्याकाळी परत. आत नाय चालत.”

पंतांनी मान वळवून सोसायटीच्या फाटकाकडं पाहिलं. ते वीस पावलांवर होतं. “मग इथं कशाला उभे आहात?” ते म्हणाले. “चला, गेटवर येऊन सांगा.”

दोघं निघाले, आणि मागून रिकाम्या बादल्यांसह सगळी रांग. वर गॅलरीत आनंदीबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत, ते खालून कळत नव्हतं. फाटकाशी पोचल्यावर पंत वळले आणि काही न बोलता त्यांनी तळहात पुढं केला.

मच्छिंद्ररावांनी खिशातून काळ्या दोऱ्यातली ट्रॅक्टरची किल्ली काढली. नीट, मानानं चार वाक्यं बोलायची असं त्यांनी वीस पावलांत ठरवलं होतं. पण तो उघडा तळवा समोर दिसला, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“साहेब, एकच ड्रम हाय. चुकून राहिला.”

पंतांनी मूठ मिटली. “सहाला या. ड्रम गेटबाहेर गेलेला दिसला पाहिजे.”

मच्छिंद्ररावांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. पण कोपरापर्यंत हात डिझेलनं माखलेला, आणि गुरुवार असल्यामुळं तो धुवायला थेंबभर पाणी नव्हतं.