जास्तीचा एच

अवंतिकाने कीबोर्ड असा ढकलला की कपातला चहा टेबलावर सांडला.

"हे नाव कोणी काढून टाकलं?"

"मी," अंबरीश म्हणाला. तो तिचा नवरा, आणि सिटी सेंटरमधल्या या दोन खोल्यांच्या कंपनीतला अर्धा भागीदार. "स्पेलिंगच गलत होतं. थ्रेशोल्डमध्ये 'एस'नंतर दोन एच. सुधारलं, बस."

तो जास्तीचा एच तिचाच होता, सात वर्षांपूर्वी घाईत पडलेला. लशींच्या प्रत्येक फ्रिजच्या सर्किट-बोर्डात एक यादी असते: सेन्सर कुठे आहे, किती तापमानाला थंडावा सुरू करायचा. ड्रायव्हर, म्हणजे फ्रिज चालवणारा प्रोग्राम, ती नावानिशी वाचतो, आणि नाव सापडलं नाही तर हातपाय हलवत नाही. मुरैना-भिंडच्या खेड्यांतले ऐंशी फ्रिज त्या चुकीच्या नावावर बिनतक्रार चालले होते. आज पाच वाजता त्यांना नवा कर्नल, म्हणजे ड्रायव्हरसकट सगळं मूळ सॉफ्टवेअर, जायचा होता. उद्यापर्यंत सगळ्या लशी नासल्या असत्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बोर्डातल्या यादीला आपला हात पोहोचत नाही, अंबरीश. बदलतो तो फक्त कर्नल. नवीन नाव ठेव ना, कोण नको म्हणतंय? आधी नवीन शोध, नाही मिळालं तर जुनं."

"हा कचरा कधीपर्यंत सांभाळायचा यार? नाम बदल दिया तो बदल दिया." तो हसला. "लग्नात तुझं बदललं, तेव्हा कुठे दोन-दोन ठेवली? ताटात तांदळावर लिहिलं, खतम."

टेबलावरचा कप त्याच्या अंगावर भिरकावावा असं तिला वाटलं. ते नाव सासूबाईंनी निवडलं होतं, मुलाच्या 'अ'ला जुळणारं. तिला कोणी विचारलंही नव्हतं. अकरा वर्षं ती त्या नावाला ओ देत आली होती, आणि त्याची तिला किती चीड होती हे तिला आत्ता कळत होतं.

तिने खुर्ची वळवली. जुनं नाव परत घातलं, शेजारी शेरा लिहिला: वापरू नये, पण ओळखावं. कपाटातला सात वर्षांचा बोर्ड काढून चाचणीला लावला. तो चालू झाला.

पाचला दहा कमी असताना अंबरीश दारात आला.

"अवंतिका, पाठवू का?"

ती बोर्डाकडे बघत राहिली.

"अवंतिका?"

तिने मानही वर केली नाही. तो दारातून आत आला. मग घसा खाकरून, चाचपडत म्हणाला,

"मंजिरी?"

"पाठव," ती म्हणाली.