समोरचं वावर

“इंजिन बंद पडलं तर मागं वळू नको वं पोरी. सुटलेली धावपट्टी लई माया लावते, पण वळता वळता वेग जाते अन् विमान दगडावानी पडते. समोर जे वावर दिसन, तेच आपलं.” विमान शिकवणाऱ्या वामनकाकांचा हा आवाज शामलाच्या कानात शिकाऊ दिवसांपासून होता.

१९७६च्या माघात ती स्वतः वैमानिक होती, आणि शेजारी पहिल्यांदाच आई बसली होती. वैमानिक नवरा विमान अपघातात गेल्यापासून मनकर्णाबाई एकच सांगत, “विमानच खराब होतं.” लेकीला त्यांनी अडवलं नाही, पण विमानात पाऊलही कधी ठेवलं नव्हतं.

नागपूरची धावपट्टी सुटली, संत्र्यांचे बगीचे खाली सरकले आणि इंजिन खोकून गप्प झालं. शामलानं लगेच विमानाचं नाक खाली केलं. त्याच क्षणी आई ओरडली, “वळू नको वं!”

“नाही वळत, माय. घट्ट बस.”

हरभऱ्याच्या वावरात विमान उड्या घेत थांबलं. दोघी धडधाकट उतरल्या. आईच्या लुगड्याला घाटे चिकटले होते.

“वळायचं नसते, हे तुले कोणं सांगितलं?” शामलानं विचारलं.

मनकर्णाबाई दूरच्या धावपट्टीकडे पाहत राहिल्या.

“लोकांले मी विमानाचाच दोष सांगत आली. इंजिन बंद पडलं, हे खरं. पण समोर मोकळं वावर होतं वं. मी धावपट्टीजवळ उभी होती, अन् तुहा बाप माह्याकडं वळला.”