हर्षलाच्या धवल्यातली घरघर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि जुना असल्याची मला लाज नाही. माझी लाज वेगळी आहे. ती सांगण्यासाठीच आज तोंड उघडतो आहे.

माझी उमेदीची वर्षं खालापुरात गेली. तहसील कचेरीच्या समोर बुधाजी शेठचं टायपिंगचं दुकान होतं, तिथे मी टेबलावर ऐटीत बसायचो. दाखल्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे कागद, किती टाईप झाले माझ्यावर, त्याला हिशेब नाही. लोक बाकावर बसून माझ्याकडे असे बघायचे की जणू दाखला मीच देणार आहे. तेव्हा मी थोडा शेफारलोही होतो. माझ्या कळा बडवणारी मुलगी म्हणजे हर्षला. सहा वर्षं तिची बोटं माझ्यावर फिरली. पुढे शेठने नवा संगणक आणला आणि मला कोपरा दाखवला. त्याच सुमारास हर्षलाला साजगावच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. निघताना ती म्हणाली, "शेठ, हा नेऊ का घरी?" शेठ म्हणाला, "ने गं बाय. त्याचा पंखा ट्रॅक्टरसारखा वाजतोय."

खरं आहे ते. माझा पंखा वाजतो. हे लक्षात असू द्या.

हर्षलाच्या घरी दोनच माणसं, ती आणि तिची आई सुंदरा. ही सुंदराबाई साधी बाई नव्हती. ती धवलारीण. आमच्या भागात लग्नघरी हळद लागते तेव्हा धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गातात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. तिला बोलवायला नारळ घेऊन घरी यावं लागतं, बोलावल्याशिवाय ती मांडवात पाय ठेवत नाही. धवल्यात ज्या त्या नवरीचं नाव गुंफायचं असतं, आणि एका नवरीच्या हळदीत तिच्यासाठी बांधून गायलेला धवला तिचाच होतो. सुंदराबाई तो पुन्हा दुसरीला गात नसे.

आता तिचा आवाज थकत चालला होता. एके रविवारी हर्षला माझ्यासमोर बसून म्हणाली, "आये, तुजा आवाज गेला तर धवले कुठं शोधू मी? यात भरून ठेवूया."

पण भरायचे कसे? विकतचं काही आणायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिने फुकट मिळणारे, घरबसल्या गाणी रचण्याचे तीन प्रोग्रॅम माझ्यावर चालवून बघायला घेतले. शाळेतल्या बाईंसारखी वही केली आणि तिघांना दहापैकी मार्क द्यायचं ठरवलं. त्यांची नावं इंग्रजीत होती. हर्षलाने त्यांचं बारसं केलं, ठिपकेवाला, चौकटवाला आणि रेघवाला.

ठिपकेवाला दिसायला मोठा रुबाबदार. पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. ठिपका ठेवला की पियानोसारखा सूर वाजे, आणि सगळं छापूनही काढता येई. पण हर्षला देवळातल्या पेटीवर सारेगम शिकलेली, तिला त्या ठिपक्यांची लिपी येत नव्हती. सुंदराबाई वाकून बघत म्हणाली, "या मुंग्या कुठं चालल्यात गं?" मार्क पडले चार.

चौकटवाला चालायचा इंटरनेटवर. रंगीत चौकोन दाबायचा की लगेच आवाज, लहान मूलही अर्ध्या तासात चाल बसवेल. हर्षला पहिल्या दिवशी इतकी हरखली की जेवायची विसरली. पण त्याचे चौकोन सगळे सारख्या मापाचे. सुंदराबाईचा सूर तर मन मानेल तिथे लांबतो, मध्येच थांबतो, श्वास घेतो. त्या चौकोनांत बसवताना त्याचे कोयत्याने केल्यासारखे तुकडे झाले. शिवाय रेंज गेली की चौकटवाला मुका. त्याला सहा.

रेघवाला सगळ्यांत कंटाळवाणा दिसे. त्याच्याजवळ स्वतःचं एकही वाद्य नव्हतं. तो फक्त ऐकायचा आणि ऐकलेलं नागमोडी रेघेत दाखवायचा. पण ती रेघ कापता येई, जोडता येई, एका आवाजाखाली दुसरा ठेवता येई, आणि कुणाचा सूर किती लांबावा यावर त्याची काही सक्ती नसे. त्याला चालवताना माझा जीव मेटाकुटीला येई, तरी मी चालवला. हर्षलाने त्याला नऊ दिले आणि पुढे लिहिलं, "पंखा ऐकू येतो, म्हणून एक कमी."

तो एक मार्क माझ्यामुळे गेला. मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. तिच्या गाण्यात मी होतो ना!

मग भरायला बसल्या, तर सुंदराबाई गाईचना. "नवरी कोन ते सांग. नवरीबिगर धवला कसा गाऊ?"

"माजं नाव घाल," हर्षला हसत म्हणाली.

सुंदराबाई हसली नाही. हर्षलाचं वय तेव्हा एकतीस होतं, तीन स्थळं येऊन परत गेली होती, आणि चौथं पुढच्या महिन्यात येणार होतं. बाईने पदर सारखा केला, डोळे मिटले आणि गायली. आंब्याखाली पाट मांडला, पाटावर बसली हर्षला नवरी. नवा धवला होता तो, त्याच दुपारी बांधलेला. नाव घेताना तिचा आवाज जरा ओला झाला. हर्षला माझ्या पडद्याकडे बघत राहिली आणि तिने डोळे पुसले नाहीत. मग तिने पंधरा दिवस खपून त्याखाली ढोलकी ठेवली, पेटी ठेवली. आपल्या हळदीत वाजवायचा म्हणून तो धवला तिने माझ्या पोटात ठेवला. माझ्या भरवशावर.

आणि मग विपुल आला.

विपुल म्हणजे हर्षलाचा मामेभाऊ, राहणारा शेलूचा. हळदीला डीजे लावणं हा त्याचा धंदा. हर्षलाने कौतुकाने त्याला सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकवलं. त्याचे डोळे चमकले. "हर्षे, पेनड्राइव्हवर दे ना. बाबांना ऐकवतो. आत्येचा आवाज ऐकून म्हातारा खूश होईल."

"नाय रं. पुरं नाय झालं अजून. बाहेर नको."

ती चहा ठेवायला आत गेली. विपुलने खिशातून पेनड्राइव्ह काढून मला लावला. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. मी एवढंच विचारू शकतो की कुठे ठेवू. त्याने जागा दाखवली आणि मी धवला मुकाट काढून दिला. चहा येईपर्यंत तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. वर म्हणाला, "आत्ये, चहा झकास."

आठवडाभराने शेजारच्या समीक्षाची हळद होती. त्या घरचा पहिला धवला नेहमी सुंदराबाईचा. ती दुपारपासून तयार होऊन बसली, डोक्याला तेल, कपाळभर कुंकू, नवं लुगडं. नारळ घेऊन कुणी येईना. चार वाजले, पाच वाजले. हर्षला दोनदा दारात जाऊन आली. "येतील गं, गडबडीत असतील," सुंदराबाई म्हणाली आणि लुगड्याच्या निऱ्या पुन्हा नीट केल्या.

तेवढ्यात मांडवातला लाऊडस्पीकर सुरू झाला आणि त्यातून सुंदराबाईच गायला लागली.

विपुलने मुलीच्या बापाला सांगितलं होतं की धवलारीण कशाला बसवता, माज्याकडं रेकॉर्डिंग हाय. स्वतःच्याच आवाजाने जिची जागा घेतली अशी बाई मी त्या दिवशी पाहिली. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. आणि विपुलने तर पुढचं ऐकलंच नव्हतं. समीक्षाच्या अंगाला हळद लागत होती आणि साऱ्या आळीला ऐकू गेलं, पाटावर बसली हर्षला नवरी.

कुणीतरी गाणं बंद केलं. मग समीक्षाची आई जनी तरातरा आमच्या दारात आली. "माज्या पोरीच्या हळदीत तुज्या पोरीचं नाव? काय करणी केलीस गं सुंदरे?" मागे विपुल उभा होता. हर्षलाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द खरा बोलायचा होता, फक्त एक.

"मला काय म्हाईत? हिनंच फाईल दिली," विपुल म्हणाला.

सुंदराबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा नारळाशिवाय, बोलावण्याशिवाय मांडवात गेली. नवरीची हळद दुसरीच्या नावावर राहू नये म्हणून तोच धवला तिने समीक्षाचं नाव घालून पहिल्यापासून गायला. फाटक्या आवाजात, पण पुरा.

परत येऊन ती लेकीजवळ बसली. "तुजा धवला गेला गं बाय. तो आता तिचा झाला."

"दुसरा बांध ना, आये."

सुंदराबाईने गळ्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. त्या दिवसानंतर तिचा आवाज वर चढलाच नाही. चौथं स्थळही आलं नाही. करणीची कुजबूज कुठवर पोचली होती ते कुणाला ठाऊक.

हर्षलाने माझ्यावर जुनं पातळ टाकलं. तिने मला दोष दिला नाही, द्यायला हवा होता. वही माझ्याखालीच आहे, चार, सहा, नऊ. धुळीची मला तक्रार नाही. यंत्राला पुसा, झाका, वेळेवर बंद करा, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. माझी विनवणी निराळी आहे. कुणी विश्वासाने काही ऐकवलं तर कानांनीच घेऊन जा. घ्यायचंच असेल तर त्या माणसाला विचारा, आम्हाला विचारू नका. आम्ही कुणालाही देतो.

गेल्या आठवड्यात खालच्या आळीत हळद होती आणि विपुलचा डीजे होता. तोच धवला वाजला. विपुल शहाणा झाला आहे. कुठल्याही नवरीला चालावा म्हणून त्याने नाव तेवढं पुसलं आहे, आणि भोक दिसू नये म्हणून त्यावर गाण्याआधीच्या शांततेचा तुकडा चिकटवला आहे. त्या शांततेत काय होतं ते त्याने ऐकलं नाही. हर्षलाने ऐकलं. ती हातातलं काम टाकून आली, माझ्यावरचं पातळ बाजूला केलं आणि माझ्या पाठीला, पंख्याच्या जाळीवर, हात ठेवून उभी राहिली.

पाटावर बसली, असं सुंदराबाई गात होती, आणि पुढे हर्षलाच्या नावाच्या जागी मी घरघरत होतो.