बॅटरीपुढचा नारळ

“बाबा, पाय काढा! पायापाशी धूर निघायलाय!”

शिवांगी ओरडली आणि दगडोबाचा हात किल्लीवरून सुटला. सेल्फ मारला तशी जीप नुसती ‘टक्’ म्हणून गप्प झाली होती आणि ॲक्सिलेटरच्या पॅडलपासून निळसर धुराची रेघ वर चढत होती. मागे बसलेल्या मुलींनी पुस्तकंबिस्तकं टाकून धडाधड खाली उड्या मारल्या. क्लासबाहेरच्या रस्त्यावरच्या लोकांनी ‘काय झालं, काय झालं’ करत गर्दी केली, पण बोनेटला हात लावायला कुणी पुढं होईना. दगडोबा खाली उतरला. धूर थांबला होता, मुली सुखरूप होत्या, तरी तो एकेकीचं तोंड पुन्हा पुन्हा बघत होता.

लातूरला तेव्हा क्लासेसचं असं पीक आलं होतं की पानटपरीच्या वरच्या खोलीतसुद्धा फिजिक्स शिकवलं जाई. गावोगावचे बाप पोरांना खोल्या करून देत. मुलीला परगावी खोली करून द्यायची छाती मात्र दगडोबाच्या गावात कुणाची नव्हती. भूकंपात निम्मं गाव गाडलं गेलेलं. उरलेल्यांना लेकरू सांजेला नजरेसमोर लागे. “दगडोबाच्या जीपमधी जाणार आसशील तर जा,” एवढीच सूट मुलींना मिळाली होती. म्हणजे मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली, चारही चाकांनी ओढणारी ही म्हातारी जीप बसली की मुलींचं शिकणंही बसणार आणि त्यात शिवांगी पहिली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाकीच्या मुलींना त्यानं गावाकडच्या एसटीत बसवून दिलं. मग बापलेकीनं चार माणसं हाताशी धरली आणि जीप ढकलत जिलानीच्या शेडपर्यंत नेली. जिलानी गाड्यांच्या वायरिंगचं काम करी. भूकंपानंतर त्यानं पक्क्या छपराखाली बसणं सोडलं होतं. “पत्रा पडला तर डोकं फुटंल, जीव तर ऱ्हाईल,” असं म्हणून हसायचा. पण बाहेरून जड ट्रक गेला आणि जमीन हादरली की त्याचं हसू जागच्या जागी थांबायचं.

“काय झालं, दगडोबामामा?”

“इंडिकेटर दिला की मोठे लाइट मंद होतेत. हॉर्न मारला की वायपर आपसूक हालतंय. आन् आज ह्यो धूर.” शिवांगी नळावर तोंड धूत होती. तिकडं बघत दगडोबानं आवाज खाली आणला. “जिलानीभाई, गाडीत कायतरी हाय.”

“काय हाय?”

“हिची आय.”

जिलानी हसला नाही. त्या मुलखात अशा बोलण्याला हसायची कुणाची टाप नव्हती.

भूकंपाच्या पहाटे दगडोबा अंगणात, जीपमध्येच झोपलेला होता म्हणून वाचला. शिवांगी आजोळी होती. बायको, गौरम्मा, घरात होती आणि दगडामातीचं घर तिच्यावर बसलं. त्यानं जीप ढिगाऱ्याच्या तोंडाशी आणली, मोठे लाइट लावले, तिचा आवाज ऐकू यावा म्हणून इंजिन बंद केलं आणि हातांनी दगड उपसू लागला. गौरम्मा निलंग्याच्या पलीकडची. घाबरली की तिच्या तोंडी माहेरची कानडी येई. फटीतून तिला लाइट दिसत होता. “बेळकू,” ती म्हणत होती. उजेड. “बेळकू हाय तवर भ्या न्हाई. तुमी काढा.” आणि मग लाइट मंदावले. पिवळे झाले, तांबडे झाले, विझले. अंधारात कुठला दगड काढावा नि कुठला ठेवावा कळेना. त्यानं एक ओढला आणि वरचा सगळा ढीग खाली बसला. उजाडलं तेव्हा आवाज नव्हता.

तेव्हापासून दगडोबाला मंद होणाऱ्या दिव्याचं भय बसलं. व्होल्टेज उतरून घरातला बल्ब लाल झाला तरी तो उठून अंगणात जाई. लोक गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढं नारळ फोडतात. हा दर अमावास्येला बोनेट उघडून बॅटरीची पूजा करी. तिच्या बुडाच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडी, पाणी तिथंच सोडी, मीठमोहरी ओवाळून तिथंच टाकी आणि हात जोडून म्हणे, “पुन्ना दगा दिऊ नको, माय.”

जिलानीनं बोनेट वर केलं. जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या अंगाला टेकवलं.

“मारा सेल्फ.”

“आन् पेटली म्हंजी?”

“मी हाय ना हितं. मारा.”

दगडोबानं डोळे मिटून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. जीप सुरू झालेली पाहूनही तो भ्याला आणि सीटवरून खाली उतरला. शिवांगी ओल्या तोंडानं पळत आली.

“भूतबित न्हाई, मामा. अर्थिंग गेलंय,” जिलानी म्हणाला. “करंट बॅटरीतून निघाला की त्याला परत बॅटरीत यावंच लागतंय. बडा रस्ता बंद झाला की तो गल्लीबोळातून घुसतो. तुमच्या ॲक्सिलेटरच्या तारेतून घुसला. ती बारीक तार, तापणारच. लाइटचा करंट वायपरात, वायपरचा हॉर्नात, असा हिंडून राहिला बेवारशी.”

त्यानं बॅटरी उचलून बाजूला ठेवली. खाली हळदकुंकवाचा जुना थर होता, कडेनं खोबऱ्याचे काळे पडलेले तुकडे. थर खरवडला तशी बॅटरीचा मायनस गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यावर मोरचुदासारखी निळी-हिरवी पूड दिसली. पट्टा हातात घेताच तुटला.

“हितं काय ओतता तुमी?”

“नारळाचं पाणी. मीठमोहरी.”

“कवापासनं?”

“ती गेली तवापासनं.”

“या अल्ला!” जिलानीनं कपाळाला हात लावला. “मीठ आन् पाणी, मामा. लोखंडाला दुसरं काय खातंय? देवाचं करा की, कोण नको म्हणतंय? पण नारळ चाकापुढं फोडा. बॅटरीला कशाला आंघोळ?”

शिवांगी फिस्सकन हसली आणि लगेच बापाकडं बघून गप्प झाली. दगडोबालाही हसू येऊ घातलं होतं. उजेड मंद होऊ नये म्हणून जे केलं त्यानंच तो मंद होत होता, याच्यापेक्षा वेडेपणा तो काय? पण त्याला किती बरं वाटलं! कुणी हाका मारत नव्हतं. नुसता गंज होता. गंज घासता येतो. उद्या मुली पुन्हा गाडीत बसणार होत्या.

जिलानीनं पट्ट्याचा गंजका बोल्ट काढला आणि कानस घेऊन पट्टी घासायला बसला. घासता घासता स्वतःशीच बोलू लागला. “हात्तिच्या! ह्ये तर रंगावरच कसलंय. लोखंडाला टेकलंच न्हाई धड, करंट जाणार कुठनं? हे नारळाचं काम न्हाई, पह्यल्यापासनंच...”

त्यानं मान वर केली आणि बोलणं अर्ध्यावर सोडलं.

बोल्टच्या खाली, गंजाच्या मधोमध, आकाशी रंगाचा एक स्वच्छ गोल होता. जीप लिलावातून आणली तेव्हा गौरम्मानंच तो रंग निवडला होता. “मिलिटरीचा हिरवा नको, आभाळाचा द्या,” म्हणाली होती. पेंटरनं बोनेटच्या आतूनही गाडी रंगवली आणि रंग न घासता पट्टा तसाच वर कसला.

तो गोल बघून दगडोबा भ्याला. हे भय निराळं होतं. आतापर्यंतचं भय गाडीत होतं, ते आता त्याच्यात आलं. विचारू नये, विचारू नये, असं त्याचं मन ओरडत होतं आणि तोंड उघडलंच.

“जिलानीभाई, त्या पहाटं बी मंग ह्येच आसंल का? ह्यो एक बोल्ट घासून आवळला आसता तर...”

जिलानी पुन्हा घासू लागला. आकाशी गोल कानशीखाली भराभर पुसला जात होता.

“न्हाई मामा. त्या टायमाला बॅटरी उतरली हुती तुमची. इंजिन बंद ठिवून मोठे लाइट लावले तर कुठली बॅटरी टिकती? तुमी काय, मी काय, कुणीच काय करू शकलं नसतं.”

तो एवढं बोलला, पण वर बघून बोलला नाही. गाडीचा दोष सांगताना जिलानी नेहमी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगायचा.

आणि दगडोबाला आठवत होतं, कुणाला कधी न सांगितलेलं. त्या दिवशी दुपारी मदतीला आलेल्या लोकांनी जीप बाजूला ढकलली. तिला हिसका बसला आणि कुणी बटणाला हात न लावता दोन्ही लाइट लख्ख लागले. भर उन्हात. तेव्हा त्याला वाटलं होतं, गौरम्माच आली. उतरलेली बॅटरी अशी हिसक्यानं उठत नसते, हे त्या दिवशी त्याला सुचलं नव्हतं. आज कळत होतं.

कानस थांबली होती. जिलानी मान खाली घालूनच उत्तराची वाट बघत होता. एवढ्या भल्या माणसाला खोटं पाडायचं तरी कसं?

“हाव,” दगडोबा म्हणाला. “बॅटरीच उतरली आसंल.”

जिलानीनं नवा जाड पट्टा लोखंडाला कसला, वरून ग्रीस फासलं, जळकी तार बदलली. ऊन कलायच्या आत जीप औसा रस्त्याला लागली. शिवांगी पुढंच बसली होती. समोरून येणारे मोटरसायकलवाले, ट्रकवाले पंजाची उघडझाप करून खुणावत होते.

“बाबा, मोठे लाइट चालू ऱ्हायलेत.”

“ठाव हाय.”

“ऊन हाय की. बंद करू?”

तिचा हात बटणाकडं गेला. दगडोबानं तो हलकेच बाजूला केला.

“आसू दे. गाव येस्तवर आसू दे.”

समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून तीच खूण केली. दगडोबानं त्यालाही हात केला.