आप्पा वर बघत नव्हते

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं अव्वा म्हणती. अव्वा म्हणजे माझी आई. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून पाठ धरली, आन् मोबाइल हातातच हाय. लिहून टाकतो.

मी राजशेखर. नांदेडला सुगत या दोस्तासोबत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. क्लास-बिस न्हाई केला, व्हिडिओ बघून बघून शिकलो. घर लातूरला. आप्पांचं, म्हणजे वडलांचं, भांड्यांचं दुकान हाय. श्रावणी सोमवार म्हणून घरी आलतो.

आम्ही लिंगायत, आप्पांची सकाळची पूजा ठरलेली. आंघोळ, कपाळाला विभूती, मग गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, आन् त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. तेवढा वेळ घरात कुणी त्यांना हाक मारत न्हाई.

त्या सोमवारी ते बसले ते बसलेच. मी आत डोकावलो. मान खाली, नजर लिंगावर, उजव्या हातात बेलाचं पान. परत डोकावलो तर पान अजून हातातच. मी अव्वाला म्हणलं, लई वेळ झाला. ती म्हणली, "बोलू नको. ध्यान लागलंय त्यांचं." आवाजात कौतुक होतं. शेजारचे अमृतरावकाका आले, त्यांनी दारातूनच हात जोडले. श्रावणात असं लागतं म्हणले.

दुपार व्हायला आली तवा बेलाचं पान खाली पडलं, आन् आप्पा तसेच भिंतीला टेकले. अव्वानं लिंग सांभाळून डबीत घातलं, परत त्यांच्या गळ्यात बांधलं. हलवलं तर डोळे उघडले, "हं" म्हणले, परत झोपले.

जवळच्या डॉक्टरनं बीपी बघितलं, शुगर बघितली. ठीक. हात-पाय चालतेत, तोंड वाकडं न्हाई, म्हणजे लकवा न्हाई. उपासाचा अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. आम्हाला बरं वाटलं. सलाईन संपलं तरी आप्पा झोपलेले, तवा मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथं सीटी स्कॅन काढला, तोबी साफ. वॉर्डातला एक जण म्हणला, श्रावणातले उपासवाले लोक आहेत, झोपू द्या.

मग मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या, सुकन्या मॅडम. त्यांनी आप्पांना गदागदा हलवून जागं केलं आन् म्हणल्या, "काका, माझ्या बोटाकडं बघा." बोट डावीकडं, डोळे डावीकडं. बोट उजवीकडं, डोळे उजवीकडं. बोट वर नेलं. डोळे तिथंच. परत नेलं. तिथंच.

मला सकाळची ती नजर आठवली.

मॅडमनं सांगितलं ते माझ्या भाषेत असं. मेंदूच्या पार आत मधोमध दोन गोळे असतेत, थॅलॅमस म्हणतेत. माणसाची जाग तिथून सांभाळली जाती. बहुतेकांना दोन बाजूला वेगळ्या नसा रक्त पुरवतेत. काही जणांत दोन्हीकडं एकच बारीक नस जाती. ती बंद पडली की दोन्ही बाजू एकदमच मार खातेत. हात-पाय चालतेत पण माणूस झोपत राहतो, नजर वर जात न्हाई. सुरुवातीला सीटीत दिसत न्हाई. एमआरआय लागंल, लगेच.

एमआरआयला गळ्यातलं काढा म्हणले. अव्वानं साफ न्हाई म्हणलं. जिवंत माणसाच्या अंगावरून लिंग उतरवत न्हाईत आमच्यात. मॅडम समजावून थकल्या, मी थकलो. शेवटी मठातल्या स्वामींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आन् म्हणले, "आधी माणूस आत घाला बाई, मग मला फोन करत बसा." अव्वानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. आप्पा मशिनीतून बाहेर येईपर्यंत ती डबी छातीशी धरून उभी होती. बस म्हणलं तरी बसली न्हाई.

फोटोत दोन ठिपके. एक इकडं, एक तिकडं, जोडीनं.

मॅडम म्हणल्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत द्यायचं असतं, ती वेळ दुपारीच गेली. आता गोळ्यांवर पुढचा झटका टाळायचा आन् वाट बघायची. झोप कमी व्हईल. आठवण किती परत येईल, सांगता येत न्हाई. अव्वानं मला विचारलं, दुपारी म्हणजे कवा? मी सांगितलं न्हाई. तिला कळलं असंल.

तवापासून बाकडं. आप्पा आता जागे राहतेत थोडं थोडं. पण भेटायला आलेला परत्येक माणूस खाटंपाशी वाकून एकच करतो. वळखलं का? सांगा बरं मी कोण? आप्पा कसंनुसं हसतेत आन् सगळ्यांना म्हणतेत, "या, बसा, काय दाखवू?" अमृतरावकाका म्हणले, "परात दाखवा, मोठी." सगळे हसले, मीबी हसलो. आप्पा खरंच इकडंतिकडं परात शोधायला लागले.

आज सुगत नांदेडहून आला, दुकान बंद ठेवून. मी आप्पांना खिचडी चारवत होतो. घास दिला की विचारायचो, मी कोण? ते म्हणायचे, "बसा." परत घास, परत मी कोण.

बाहेर आल्यावर सुगत म्हणला, "लोकायचं जाऊ दे. सगळ्यात जास्त तूच विचारून राहिलास राजा."

मी म्हणलं, आठवतंय का ते बघायला नको का.

"कुणासाठी बघायलास? त्यायला घास गिळंना झाला तिथं. उत्तर येईना म्हणून शरमायलेत ते."

त्यानं चहा आणला, तो तसाच गार झाला. मग मी त्याला शब्द दिला. उद्या सकाळी आप्पा जागे झाले की मी कोण, हे विचारणार न्हाई. मी राजशेखर, तुमचा पोरगा, असं मीच सांगणार आन् मग घास देणार. रोज. येणाऱ्या पाहुण्यांनाबी दारातच तसं सांगणार, अमृतरावकाकांनाबी.

सुगत म्हणला, "विसरशील."

म्हणलं, न्हाई विसरत.